टोपडं घातलेलं नाक

मी नाक बोलतोय. हसू नका. नाक शिंकतं, घोरतं, फार तर सर्दीत लाल होतं, बोलतं कुठलं, असं तुम्ही म्हणाल. पण मी तुमच्यासारखं चेहऱ्याच्या मधोमध बसलेलं, दोन भोकांचं नाक नव्हे. मी भिंतीवरचं नाक. तळहाताएवढा करडा डबा, खाली हवा ओढणारं छोटं तोंड आणि वर एक हिरवा दिवा. कागदोपत्री मला ‘वायुशोधक यंत्र’ असं भारदस्त नाव होतं, पण त्या नावाने मला कुणी कधी हाक मारली नाही. सगळे नाकच म्हणायचे. फक्त एक बाई होती, ती मला ‘बाळ’ म्हणायची. ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

सध्या मी गोदामातल्या पत्र्याच्या कपाटात पडून आहे. एका बाजूला जळालेला पंप, दुसऱ्या बाजूला नळ्यांचं भेंडोळं. दिवा विझला आहे. इथे धूळ आहे. ज्याने सारं आयुष्य धूळ नसलेल्या खोलीत काढलं, त्याला शेवटी धूळ खात पडावं लागतंय, याची मला आधी फार लाज वाटायची. आता सवय झाली.

माझा जन्म कसा झाला ते सांगतो. एका छोट्याशा कारखान्यात, टेबलाशी बसलेल्या माणसांनी मला जोडलं. माझ्या पोटात एक इवलीशी कुपी बसवली, तिच्यात द्रावण भरलं. विषारी वायूचा अंश हवेतून त्या कुपीत शिरला, की आत बारीकशी वीज निर्माण होते आणि मी ती मोजतो. वीज एका ठरावीक रेषेच्या वर गेली की मी भोंगा वाजवायचा. रेषेच्या खाली असेल तोवर गप्प बसायचं. मला कितीही वाटलं, कितीही वास आला, तरी रेषेखाली ओरडायची मला मुभा नाही. तेव्हा मला तो नियम अगदी शहाणपणाचा वाटला होता.

मग मला एका अवाढव्य कारखान्यात आणलं. तुमच्या फोनमध्ये, गाडीत, इस्पितळातल्या यंत्रात जी नखाएवढी चिप असते, ती तिथे बनते. सिलिकॉनच्या पातळ, चकचकीत चकत्यांवर ती शेकड्यांनी छापतात. त्या चकत्यांना तिथे वेफर म्हणतात. वेफर म्हटल्यावर तुम्हाला बटाट्याचे आठवले असतील. तिथल्या प्रत्येक नव्या माणसाने हा विनोद एकदा केलेला आहे आणि जुन्यांनी दर वेळी मान डोलावलेली आहे.

त्या वेफरवर धुळीचा एक कण बसला तरी चिप वाया जाते. म्हणून माणसांना पांढऱ्या पोशाखात नखशिखांत गुंडाळतात. टोपी, मुखपट्टी, हातमोजे, बूट. उघडे फक्त डोळे. पावडर नको, अत्तर नको, काजळ नको, शिंक तर नकोच. सर्दी झाली असेल तर आधी सांगायचं आणि आत यायचं नाही. छतातून स्वच्छ हवा सरळ खाली पडते आणि जमिनीच्या जाळीतून निघून जाते. यंत्रांसाठी ही केवढी बडदास्त! माणसांची मात्र तऱ्हा वेगळी. बाहेर जायचं तर सगळा पोशाख उतरवा, परत येताना पुन्हा चढवा. त्यापेक्षा पाणीच कमी प्यावं, असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. बायका एकमेकींना विचारायच्या, “आज किती वेळा लघवीला गेलीस?” आणि एकदाच गेलेली बाई ते फुशारकीने सांगायची.

कारखाना वेफरला जपायचा आणि माणसांना जपायची जबाबदारी माझ्यासारख्या शेकडो नाकांवर टाकलेली होती. मी ज्या भागात होतो तिथल्या यंत्रांत आर्सिन नावाचा वायू वापरत. तो दिसत नाही. त्याला लसणासारखा वास येतो म्हणतात. पण जुनी माणसं नव्यांना पहिल्याच दिवशी सांगायची, “लसूण आला म्हणजे उशीर झाला.” तुमच्या नाकाला तो कळेपर्यंत रेषा केव्हाच ओलांडलेली असते. तुमच्या आधी मला कळतो. म्हणून मी होतो. गर्व म्हणा हवं तर, पण भिंतीवर लटकायचं तर निदान कशासाठी तरी लटकावं.

त्या भागाची मुख्य ऑपरेटर होती ताई. वयाने सगळ्यांत मोठी नव्हती, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच यंत्रदुरुस्तीला होता आणि तो दिवसभर ‘ताई, ताई’ करत असायचा. तिनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. तो इतका उंच होता की त्याच्या मापाचा पोशाख मिळायचा नाही, बाह्या कायम मनगटाच्या वर. त्याला सगळे लंबू म्हणत. पांढऱ्या गर्दीत चेहरे दिसत नाहीत, माणूस ओळखायचा तो डोळ्यांवरून नाहीतर चालीवरून. लंबू लांबूनही ओळखू यायचा.

आणि तिसरे साहेब. ते दारातून आत आले की पहिला प्रश्न, “किती वेळ?” यंत्र बंद आहे, किती वेळ? सफाई चालू आहे, किती वेळ? ताई एकदा पाणी प्यायला गेली होती, तेव्हाही त्यांनी मागे विचारलं, “किती वेळ?” म्हणून त्यांचं नाव किती-वेळ साहेब. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या वरचे साहेब त्यांना हाच प्रश्न विचारत असत.

आता माझा एक जन्मदोष सांगायला हवा. यंत्रं आणि टेबलं पुसायला तिथे अल्कोहोल वापरतात. त्याची वाफ माझ्या तोंडाशी आली की माझ्या पोटातली कुपी फसते. तिला ती विषारी वायूसारखीच वाटते. मग मी ठणाणा सुरू करतो. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून बाजूच्या दाराने बाहेर पडायचं असा कडक नियम. यंत्रं अर्ध्यावर थांबतात, आतले वेफर वाया. सगळे पांढरे पोशाख बाहेर मैदानात गोळा होतात आणि एकमेकांना एकच विचारतात, “खरा की खोटा?” थोड्या वेळाने उत्तर येतं, “खोटा.” मग हशा. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी हसायचे.

एकदा ताईच्याच पुसण्याने मी वाजलो. त्याच आठवड्यात पुन्हा वाजलो. किती-वेळ साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. “ताई, फडकं जरा लांबून फिरवता येत नाही? एवढे वेफर कचऱ्यात गेले, वर मी काय सांगू?” ती फडक्याची घडी घालत राहिली. कान लाल झाले असतील तर ते टोपीखाली झाकलेले होते.

नियमाप्रमाणे करायचं तर सफाईच्या आधी सुरक्षा विभागाला कळवायचं. मग तिथली बाई किल्ली घेऊन येणार, मला तेवढ्यापुरती सुट्टी देणार आणि हातातलं दुसरं नाक घेऊन सफाई संपेपर्यंत उभी राहणार. मी तिला मनातल्या मनात डॉक्टरीणबाई म्हणायचो, कारण तीच अधूनमधून येऊन बाटलीतला थोडासा वायू हुंगवून माझी तब्येत तपासायची. पण ती एकटी आणि नाकं शेकड्यांनी. ती येईपर्यंत यंत्र बंद. आणि यंत्र बंद म्हणजे, किती वेळ?

तेव्हा ताईने एक युक्ती काढली. तिने जुन्या हातमोज्याचं एक बोट कापलं आणि माझ्या तोंडावर चढवलं. अगदी घट्ट बसलं. मग निवांत पुसलं, वाळू दिलं, बोट काढून घेतलं. मी वाजलो नाही. लंबू हसून म्हणाला, “ताई, टोपडं शिवलंस की गं बाळाला!” तेव्हापासून त्याचं नाव टोपडं पडलं. ते माझ्या मागच्या खाचेत खोचून ठेवलेलं असायचं. घालताना ताई म्हणायची, “झोप रे बाळा.” काढताना म्हणायची, “ऊठ बाळा.” कितीही घाई असली तरी काढायला विसरायची नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी प्रेमाने बोललं नव्हतं. तुम्ही माणसंसुद्धा अशीच भुलता, मग मी तर डबा.

युक्ती एका भागातून दुसऱ्या भागात गेली. बघता बघता सगळीकडे नाकांच्या मागे टोपडी दिसू लागली. किती-वेळ साहेबांना ते दिसत होतं. ते माझ्याकडे बघायचे, खाचेतल्या टोपड्याकडे बघायचे आणि छताकडे बघत पुढे जायचे. पुढे तर आमच्या भागाला ‘सर्वांत शांत विभाग’ म्हणून ढाल मिळाली. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. हातमोजे घालून वाजवलेल्या टाळ्यांचा आवाज अगदी भप्प येतो.

त्या दिवशी दुपारी लंबू यंत्र उघडून आत वाकला होता. त्या यंत्राच्या पोटात जुन्या वायूची काळपट पूड साचते. ती खरवडायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि मग अल्कोहोलने पुसायची असं ते काम. गोम अशी, की ओल लागली की त्या पुडीतून थोडा वायू पुन्हा सुटतो. म्हणून यंत्र थंड होऊ द्यायचं, आतली हवा बराच वेळ ओढून काढायची आणि नळीने बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लावूनच हात घालायचा. मुखवटा बाहेरच्या कपाटात होता. साहेब दोनदा येऊन विचारून गेले होते. काय विचारलं ते सांगायला नको.

लंबूला सर्दी झाली होती. सकाळपासून नाक चोंदलेलं. पण त्याने ते दाराशी सांगितलं नव्हतं. मुखपट्टीखाली कोण बघतंय?

“अरे, घरी थांबायचं की नाही?” ताई दबक्या आवाजात म्हणाली.

“आत्ता सुट्टी खर्चली तर बाळंतपणाला काय घेऊ? तारीख जवळ आलीय तिची.”

“आणि शिंक आली म्हणजे?”

“गिळून टाकीन.” दोघंही हसले. मग तो म्हणाला, “ताई, टोपडं घाल ना त्याला. माझे हात बरबटलेत. आणि घरचं टोपडं झालं का शिवून? आत्याबाईंचं काम फार सावकाश चाललंय म्हणे.”

“नाड्या लावायच्या राहिल्यात,” ताई म्हणाली. तिने खाचेतून बोट काढलं, माझ्या तोंडावर चढवलं. “झोप रे बाळा.” आणि ती पलीकडच्या यंत्रावर गेली.

लंबू खरवडत होता. मग ओलं फडकं आत गेलं. आणि टोपड्याच्या कडेने, जिथे रबर किंचित सुटलं होतं तिथून, मला वास आला.

अल्कोहोलचा नव्हे. ज्याच्यासाठी मला जन्माला घातलं होतं, त्याचाच. माझ्या कुपीत वीज चढू लागली. चढली, चढली आणि रेषेच्या खाली येऊन थांबली. कडेतून जेवढा शिरत होता तेवढाच मला मोजता येत होता. बाहेर लंबूच्या तोंडापाशी किती असेल, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी ओरडायला जीव टाकत होतो. पण रेषेखाली ओरडायची मुभा नाही, आणि तोंडावर बोट. पुढच्या भिंतीवरच्या माझ्या भावंडाला तर पत्ताच नव्हता. तिथली हवा सरळ वरून खाली जाते, आडवी जात नाही.

लंबूच्या नाकाला लसूण कळला असता कदाचित. पण ते चोंदलेलं होतं. एकाच वेळी एकाच जागी दोन नाकं बंद होती, आणि मधे एक माणूस गुणगुणत पुसत होता.

काम झालं. यंत्राचं झाकण बंद झालं, हवा खाली निघून गेली. ताई आली, “ऊठ बाळा” म्हणाली आणि टोपडं काढलं. आता माझ्यापुढे नुसती स्वच्छ हवा. हिरवा दिवा जसा होता तसाच.

“ताई, डोकं फार ठणकतंय गं. मळमळतंय पण.”

“सर्दी भरलीय डोक्यात. सरळ घरी जा, वाफ घे आणि झोप.”

तो चालत गेला. मनगटं उघडी. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा टेलिफोन वाजला. आत स्वतःचे फोन आणता येत नाहीत, म्हणून घरच्या माणसाला काही तातडीचं असलं तर याच फोनवर यावं लागतं. ताईने तो घेतला. मला फक्त तिची बाजू ऐकू आली. “काय?... लघवी लाल म्हणजे किती लाल?... काळपट?... रात्रीपासून? अगं, मग मला आधी का नाही... हो, हो. कुठल्या इस्पितळात?” फोन लंबूच्या बायकोचा होता. आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणायचो. म्हणजे बाकीचे म्हणायचे आणि मी ऐकायचो.

किती-वेळ साहेब तिथेच होते. ताई म्हणाली, “डॉक्टर विचारतायत, कामावर कुठला गॅस हुंगला का म्हणून. तसं असेल तर इलाज वेगळा आहे, लगेच रक्त बदलायला लागेल म्हणाले.”

“भोंगा वाजला का काल?” साहेबांनी विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझा हिरवा दिवा तिच्या डोळ्यांत दिसत होता. नजर माझ्या मागच्या खाचेकडे गेली, तिथून परत खाली आली. तिला त्या क्षणी कळलं असं मी म्हणत नाही. पण कळू नये म्हणून ती धडपडत होती, एवढं मला दिसलं.

“नाही वाजला,” ती म्हणाली.

“मग झालं तर. मी तसं कळवतो डॉक्टरांना. तुम्ही जा इस्पितळात, इथलं मी बघतो.” त्या दिवशी त्यांनी किती वेळ असं विचारलं नाही.

लंबूने आठवडाही काढला नाही. आधी रक्त गेलं, मग मूत्रपिंडं गेली. ही बातमी मी पुसणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकली. आमच्या भागात माणसं माना खाली घालून थोडा वेळ उभी राहिली. यंत्रं चालूच होती. ताईने शिवलेल्या टोपड्याला नाड्या लागल्या की नाही, ते मला कधीच कळलं नाही. बाळ पुढच्याच पंधरवड्यात जन्मलं.

मग डॉक्टरीणबाई मला तपासायला आली. साहेब आणि ताई दोघं हजर. तिने बाटलीचं तोंड माझ्या तोंडाला लावलं आणि मी असा ओरडलो की पलीकडची माणसं दचकली. माझी तब्येत ठणठणीत निघाली. मी ओरडत होतो आणि मला वाटत होतं, आता तरी कुणी विचारा, आता तरी विचारा. डॉक्टरीणबाईने माझं तोंड जवळून न्याहाळलं. कडेला रबराचा बारीक वळ होता. तिने तो बोटाने चाचपला.

“यावर त्या दिवशी काही घातलं होतं का?”

साहेब ताईकडे बघत होते. ताई जमिनीच्या जाळीकडे. “नाही,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईने अल्कोहोल न लावता, कोरड्या फडक्याने तो वळ पुसून टाकला आणि पुढच्या नाकाकडे गेली.

निष्कर्ष असा निघाला, की नाक उत्तम आहे, नाक वाजलं नाही, म्हणजे वायू नव्हता. त्या तरुण माणसाला रक्ताचा काही आजार असणार. मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही आणि माझी तीच साक्ष मेलेल्या माणसाच्या विरुद्ध वापरली गेली. तेव्हा वाटलं, त्यापेक्षा मी मोडका निघालो असतो तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर साहेब ताईला हळूच म्हणाले, “बोललात तर काय होईल सांगू? मुखवटा त्याने लावला नव्हता, सर्दी त्याने लपवली, टोपडं त्याच्या सांगण्यावरून. चूक त्याचीच निघेल. आणि तुमची. वहिनींच्या हाती काय लागणार? त्यापेक्षा त्याच्या जागी त्यांना नोकरी देतोय आपण. माणुसकी म्हणून. तान्हं मूल आहे त्यांना.” आवाज खरोखर कळवळ्याचा होता. म्हणून तर त्या आवाजापुढे ताईचं काही चाललं नाही.

त्यानंतर ताई माझ्याशी बोलली नाही. टोपडंही तिने पुन्हा घातलं नाही. मला चुकवून, हात लांब करून पुसायची. काम मागे पडू लागलं. इतर भागांत मात्र टोपडी होती तशीच होती. सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं आणि कुणालाच पुरतं माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मूल बसायला लागल्यावर वहिनी कामावर आली. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. पोशाख तिच्या अंगावर ढगळ व्हायचा. मुलाला आईकडे ठेवून यायची. साहेबांनी तिला आमच्याच भागात टाकली आणि शिकवायला ताईऐवजी दुसरी एक चटपटीत ऑपरेटर दिली. ताई म्हणे हल्ली फार सावकाश काम करते.

त्या सकाळी तेच यंत्र उघडलं होतं. दुसरा दुरुस्तीवाला आत वाकलेला, तोंडावर साधी मुखपट्टी. वहिनी शेजारी हत्यारं देत उभी. चटपटीत बाईने एक हातमोजा घेतला, बोट कापलं.

“हे बघा वहिनी, हे नाकाचं टोपडं. पुसायच्या आधी घालायचं, नाहीतर भोंगा वाजतो आणि साहेब आपल्याला वाजवतात. घालताना म्हणायचं, झोप रे बाळा. आपल्याकडे पद्धतच आहे तशी.”

वहिनीला हसू आलं. कामाला लागल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांच्या कडा हसल्या, बाकी काही दिसत नाही तिथे. घरचं तान्हं आठवलं असेल. तिने माझ्या तोंडावर ते बोट हलक्या हाताने चढवलं. “झोप रे बाळा,” ती म्हणाली. चटपटीत बाई पुढच्या यंत्राकडे गेली.

वेफरचा डबा घेऊन ताई तेवढ्यात वळणावरून आली. तिने ते शब्द ऐकले. डबा तिने जपून खाली ठेवला. इतक्या वर्षांची सवय, अशा वेळीही तो आपटला नाही. मग ती आली आणि तिने माझ्या तोंडावरचं टोपडं ओढून काढलं.

“ताई, अहो, काय करताय? ते आता पुसणार आहेत. वाजेल ना तो!”

“वाजू दे.”

“पण गॅस कुठे आहे?”

“तेव्हा होता. आणि हा वाजला नाही.” ताईने हातातलं टोपडं वहिनीपुढे धरलं. “वाजणार कसा? मी याचं तोंड बांधलं होतं, अगं. माझ्या या हातांनी. तो म्हणाला घाल, मी घातलं. झोप रे बाळा म्हणाले आणि पलीकडे गेले.”

वहिनीच्या हातातलं हत्यार तसंच राहिलं. ताईने टेबलावरचं अल्कोहोलने भिजलेलं फडकं उचललं आणि माझ्या तोंडाला लावलं.

मी ओरडलो. वाफ साधी अल्कोहोलची होती, हे मला ठाऊक होतं. तरी ओरडलो. त्या दुपारी जे घशात अडकलं होतं, तेसुद्धा त्यात बाहेर पडलं. यंत्रं थांबली, लाल दिवे लागले, पांढरे पोशाख दाराकडे धावू लागले. दुरुस्तीवाला यंत्रातून बाहेर निघून पळाला. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत.

“डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुम्हाला?” वहिनीने विचारलं. भोंग्यामुळे तिला ओरडून विचारावं लागलं.

“विचारलं होतं.”

“तेव्हा सांगितलं असतंत तर?”

वहिनीने ताईच्या हातातून ते टोपडं काढून घेतलं, मुठीत धरलं आणि दाराकडे चालू लागली. आतली वस्तू बाहेर न्यायची नाही असा नियम आहे. तिला कुणी अडवलं नाही.

किती-वेळ साहेब गर्दीच्या उलटे धावत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

“खरा की खोटा?” ते ओरडले. “ताई, खरा की खोटा?”

“खरा,” ताई म्हणाली. “उशिरा वाजला.”

पुढचं मला नीटसं माहीत नाही. ताई परत आली नाही. तिला काढलं, की ती स्वतःच गेली, यावर बायकांत दोन मतं होती. वहिनी ते रबराचं बोट घेऊन इस्पितळातल्या त्याच डॉक्टरांकडे गेली, असं कुणी म्हणे. दोघी नणंदा-भावजया एकमेकींशी बोलत नाहीत, पण चौकशीला एकाच बाकावर जाऊन बसतात, असंही म्हणे. मी एवढंच सांगू शकतो, की मला ‘फार हळवं झालंय’ असा शेरा मारून भिंतीवरून उतरवलं. माझ्या जागी नवं नाक बसवलं. त्याच्या मागेही खाच आहे. ती रिकामी आहे की नाही, ते मला इथून दिसत नाही.

माझ्या कुपीतलं द्रावण आता आटत चाललंय. कधीतरी भंगारवाला येईल आणि मला घेऊन जाईल. जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, कामावर, कुठेतरी भिंतीवर माझं एखादं भावंड लटकत असेल. ते उगाच ओरडतं, झोपमोड करतं, कामाचा खोळंबा करतं, सगळं कबूल. पण त्याचं तोंड बांधू नका, अगदी प्रेमानेसुद्धा बांधू नका. आणि ते ओरडलं, तर आपल्या माणसाचा हात धरून आधी बाहेर पडा. खरा की खोटा, ते बाहेर उभं राहून विचारा.